नऊ हातांची रसवंती

तुम्ही खोटं बोललात. फायनलच्या दुसऱ्या दिवशी काढलेल्या पत्रकात तुम्ही लिहिलंत, की पूर्णा पँथर्सचा कॅचर भास्कर तायडे ऐन सामन्यात मैदान सोडून गेला, त्यामुळे तरुण पिचरचं मन विचलित झालं आणि त्याला दुखापत झाली. मन विचलित झाल्यानं कोपराचं हाड निखळत नाही साहेब. तसं असतं तर तुमच्या केबिनमधून बाहेर पडताना माझ्या अंगात एक हाड जागेवर राहिलं नसतं.

बेसबॉलची लीग तुमची, आमचा संघही तुमचा, पण या उघड्या पत्रात तुमचं नाव मी लिहीत नाही. भितो म्हणून नव्हे. नाव लिहिलं की लोक म्हणतात तो एक माणूस नालायक होता, गेला, विषय मिटला. मला विषय मिटवायचा नाही.

ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगतो. पिचर म्हणजे मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकणारा. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागं उकिडवा बसून तो चेंडू झेलणारा. मी झेलणारा. फेकणारा होता प्रज्वल इंगळे, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. घरी त्याला पजू म्हणतात.

आमच्या वऱ्हाडात हा खेळ कुणी प्रेमापोटी आणला नाही. सॉफ्टबॉल खेळलं की दहावीला वाढीव गुण, राज्यापर्यंत गेलं की सरकारी नोकरीत खेळाडूंची राखीव जागा. त्या पायी गावोगावच्या शाळांत पोरं चेंडू फेकायला शिकली आणि काही खरोखरच चांगली निघाली. मग तुमची बेसबॉल लीग आली. तयार पीक उभंच होतं, तुम्ही फक्त विळा घेऊन आलात.

आणि विळ्याबरोबर ती बाही आली.

बाहीत वाईट काही नव्हतं, हे आधी सांगतो. कोपराच्या आतल्या बाजूला, वरचं हाड आणि खालचं हाड बांधून ठेवणारी एक पट्टी असते. करंगळीच्या दोन पेरांएवढी. सुतळीत जसे बारीक तंतू असतात तसे तिच्यात असतात. पिचर पूर्ण जोरानं चेंडू फेकतो तेव्हा ही पट्टी जवळजवळ तुटेपर्यंत ताणली जाते. प्रत्येक फेकीला काही तंतू उसवतात, विश्रांती मिळाली की शरीर ते पुन्हा विणतं. उसवण विणण्याच्या पुढं गेली की एक दिवस पट्टी तुटते. कुठला दिवस, ते आजवर कुणालाच कळत नव्हतं. जगभरचे पिचर या एका पट्टीपायी घरी बसले.

ही बाही कोपरावर चढवली की ती सोनोग्राफीसारखे आवाज आत सोडते. ताणलेल्या तंतूंवरून आवाज एक तऱ्हेनं परततो, उसवलेल्या तंतूंवरून दुसऱ्या तऱ्हेनं. त्यावरून प्रत्येक चेंडूनंतर ती सांगते की पट्टी किती शिल्लक आहे. दंडावर दिवा. हिरवा म्हणजे फेक, पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे बस. डॉ. रेवती पारखे आणि त्यांच्या माणसांनी ती पोरांचे हात वाचावेत म्हणून बनवली. पहिल्या वर्षी एकही हात गेला नाही. आम्ही शाल-नारळ देऊन बाईंचा सत्कार केला होता.

मग तुमच्या डोक्यात दिवा लागला.

पूर्वी संघात एक दादा पिचर असायचा. तो सुरुवात करायचा आणि अर्ध्याहून जास्त सामना ओढायचा. त्यासाठी हात जपून, कधी जोरात कधी हळू, फलंदाजाला खेळवत फेकायचा. बाद फेरीत ज्याच्याकडं दादा तो जिंकणार असं सगळे धरून चालायचे. तुम्ही म्हणालात, दादा कशाला? साधे नऊ हात घ्या. प्रत्येकाला सांगा, जपू नको, जीव खाऊन फेक, लाल दिवा लागला की दुसरा उभा आहे. फलंदाजाला प्रत्येक वेळी नवा आणि ताजा हात. टीव्हीवर तुम्ही सुपारी चघळत म्हणालात, "बाद फेरी जिंकायला मोठा पिचर लागतो ही अंधश्रद्धा आहे."

कागदावर तुम्ही बरोबर होतात. आम्ही जिंकत गेलो.

या पद्धतीला तुम्ही काहीतरी भारी नाव दिलं होतं. आम्ही पोरं तिला रसवंती म्हणायचो. ऊस घाला, चाक फिरवा, चिपाड बाहेर. आणि बाद फेरी आली तशी तुम्ही लाल रेघच पुढं सरकवली. 'बाद फेरीसाठी विशेष मर्यादा.' आधी जिथं लाल लागायचा तिथं आता पिवळा लागू लागला. पट्टीला काही हे परिपत्रक मिळालं नव्हतं.

मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर तुम्ही पोरांचे दिवे दाखवायला लागलात, वर पान मसाल्याची जाहिरात. पिवळा झाला की लोक उभे राहायचे, टाळ्या पिटत ओरडायचे, "लाल! लाल! लाल!" बायका, म्हातारे, पोरं कडेवर घेतलेले बाप. एका पोराचा हात उसवतोय आणि हजारो माणसं तोंडात पॉपकॉर्न कोंबत त्याची वाट बघतायत. मी कॅचरचा मुखवटा ओढून पुन्हा उकिडवा बसायचो.

उपांत्य सामना संपला त्या दुपारी मुरली धांडे बाकावर बसून डाव्या हातानं वरणभात खात होता. मुरली आमचा सगळ्यात जुना पिचर, माझ्याच वयाचा. उजवा हात बर्फाच्या बादलीत.

"कसा हाय हात?" मी विचारलं.

"हात? चिपाड झालं भास्करभाऊ. आता गाईम्होरं टाका."

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं ना. म्हणे विश्रांती घ्या. म्या म्हटलं, कधीलोक? तं म्हणे आता काय, घ्यायचीच हाये." तो हसला. मग भाताचा घास तसाच ताटात ठेवला. "लेकरू कडेवर घेता येत नाई बे. मंगयसूत्र बांधतानी जेवढा हात उचलला व्हता ना, तेवढाही उचलत नाई."

नऊपैकी दोनच हात उरले होते, तेही पिवळे. फायनल चार दिवसांवर. तेव्हा तुम्हाला दादा पिचर आठवला. संघात दहावा पिचर होता, राखीव म्हणून ठेवलेला. माझा भाचा. आजवर मी झेललेला सगळ्यात जड चेंडू त्याचा. जड म्हणजे वजनानं नव्हे, हातमोज्यात शिरल्यावर मनगटापर्यंत बोलतो तो. आणि त्याचा दिवा कायम हिरवा.

पजूला कळलं तेव्हा तो मैदानाला फेरी मारून आला. "मामा, पूर्ण सामना मी! नऊच्या नऊ इनिंग! मंग पोलीस भरतीत कोनाची हिंमत हाय मले नाई म्हणायची?"

"आधी मिशी तं येऊ दे."

"पोलिसात मिशी कंपल्सरी नाई राहत जी."

मिशीचं मी गमतीनं बोललो, पण तेच रात्रभर डोक्यात राहिलं. पजू कागदावर अठराचा. जन्मतारीख एक जून. आमच्या संघात अर्ध्याहून जास्त पोरांची जन्मतारीख एक जून आहे, माझी आहे, मुरलीची आहे. वऱ्हाडात काय एक जूनला पाऊस पडल्यासारखी पोरं पडत नाहीत. गुरुजी नाव घालताना तीच तारीख टाकतात, कारण तिच्यावर वय सोपं बसतं. आणि पजूच्या वेळी गावची शाळा बंद पडायला आली होती. पटावर पोरं कमी, शाळा तालुक्याला जोडायचा आदेश. तेव्हा गुरुजींनी घरोघर फिरून अंगणवाडीतली पोरंसुद्धा वय वाढवून पहिलीत बसवली. गावानं त्यांचा सत्कार केला, शाळा वाचली. पजू जन्मला ती दिवाळी मला पक्की आठवते. तो सोळाचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी रेवती बाईंकडं गेलो. विचारलं, "दोन वर्षांनी काही फरक पडतो का?"

त्यांनी पडदा चालू करून पजूच्या कोपराचं पहिल्या दिवशीचं चित्र लावलं. हाडाच्या टोकाजवळ एक फिकट रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

"ही वाढीची रेघ," त्या म्हणाल्या. "वाढत्या मुलाच्या हाडाचं टोक कूर्चेनं चिकटलेलं असतं. ओल्या डिंकासारखं. वय झालं की डिंक सुकतो, हाड एकसंध होतं. मोठ्या माणसाच्या कोपरात सगळ्यात कच्ची ती पट्टी, म्हणून आमची बाही पट्टी बघते. मुलाच्या कोपरात पट्टी मजबूत आणि रेघ कच्ची. पट्टी तुटत नाही, ती हाडाचा तुकडाच ओढून काढते."

"मंग दिवा?"

"दिवा हिरवाच राहील. तो पट्टीबद्दल सांगतो आणि पट्टी उत्तम आहे."

"मशीनला हे दिसलं नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसलं, भास्करराव. तिनं विचारलंसुद्धा. हाड सोळाचं वाटतं, नोंद अठराची आहे, मुलांची मर्यादा लावू का? मी हो म्हटलं होतं. वरून बदललं. शेरा आहे, 'वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरावा.'" त्यांनी पडदा बंद केला. "मी तीनदा हरकत घेतली. आता मला फायनलला मैदानावर येऊ नका असं कळवलंय."

तिथून मी सरळ तुमच्या केबिनमध्ये आलो. आठवतं ना? तुम्ही संत्रा बर्फीचा डबा उघडला होता. मला म्हणालात, "घ्या, नागपूरची आहे."

मी उभाच राहिलो. "साहेब, पजू सोळाचा हाये. हाड सोळाचं हाये."

"हाड काय म्हणतं ते मला माहीत आहे. कोर्टात हाड चालतं की दाखला?"

"हात जाईन त्याचा."

"दिवा हिरवा आहे."

"दिवा पट्टी पाहते साहेब, हाड नाई पाहत!"

तुम्ही बोटाला लागलेली बर्फी चाटलीत. मी विसरणार नाही ते. मग अगदी मायेनं म्हणालात, "तायडे, बसा. समजा मी तुमचं ऐकलं. म्हणजे दाखला खोटा. म्हणजे मुलगा अल्पवयीन, करार रद्द, आजवरचे सामने बाद. त्याचं राज्याचं प्रमाणपत्र रद्द. पोलीस भरती विसरा. खोट्या दाखल्याबद्दल गुन्हा कुणावर? आई-बापावर. बहीणच ना तुमची?" डबा पुढं सरकवलात. "एका सामन्याचा प्रश्न आहे. घ्या, बर्फी घ्या."

बर्फीचा वास अजून नाकातून जात नाही. आमच्या पोरांच्या घामाच्या, बाहीतल्या त्या चिकट जेलीच्या वासापेक्षा घाण वास होता तो.

वनुताईला फोन केला. ती शेतातून आली होती, पाठीमागं बादली भरायचा आवाज. मी सगळं सांगितलं, रेघ, पट्टी, डिंक. ती ऐकून घेऊन म्हणाली, "एक जून तं आपल्या सगळ्याईचाच हाये ना रे भास्कर. त्यात पोराची काय चूक?"

"चूक नाई ताई. पण हाड त्याचं हाये."

"दिवा हिरवा हाय म्हणतं ना तू?"

"तो दिवा..." मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, तिनं मध्येच थांबवलं.

"हे पाय. मले तं ते मशीन समजत नाई. मले एवढं समजते का माहा भाऊ तिथं बसते आन् त्याचा चेंडू झेलते. काही वाटलं तं तू थांबवशीन. तू हाये ना त्याच्याम्होरं?"

"हाव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

फायनल गोदावरीच्या संघाशी होती. त्यांच्याकडं पाच ताजे हात होते, आमच्याकडं एक पोर. मी ठरवलं होतं की खेळ माझ्या हातात ठेवायचा. खूण कॅचर देतो. मी पजूकडून हळू चेंडू मागत राहिलो, वळणारे, फसवणारे, जुन्या दादा पिचरांसारखे. चार इनिंग त्यानं फलंदाजांना नाचवलं. खरं सांगतो, तसा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. लोक चिडले. दिवा हिरवाच, मग मजा कशाची?

पाचव्या इनिंगला माझ्या कानातल्या यंत्रात तुमचा आवाज आला, "तायडे, यापुढं खूण इथून जाईल." आणि पजूच्या टोपीतही तुमचा आवाज पोचला. मी हळू मागायचो, तो जोरात फेकायचा. सहाव्यात एक चेंडू आला तो मोज्यात बोललाच नाही. नुसता येऊन बसला. मी वेळ मागून उंचवट्यावर गेलो.

"कोपर दुखते?"

"नाई."

"पजू, माह्याकडं पाय."

"थोडं आतून चावल्यासारखं होते. पण हिरवा हाय ना मामा." त्यानं दंड माझ्यापुढं धरला. "पाय ना. हिरवा हाय!"

"दिव्याले काय समजते बे! मी सांगतो तुले, बस कर."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या ताटातलं ओढून घेतोय. "मामा, तुले जमलं नाई म्हणून मलेबी जमू नये काय?"

मी परत आलो. मुखवटा काढला, फलंदाजाच्या पायापाशी जमिनीत बसवलेल्या प्लेटवर ठेवला आणि पंचाला म्हणालो, "हा पोरगा सोळाचा आहे. याच्या कोपराचं हाड अजून जुळलेलं नाही. सामना थांबवा." मोठ्यानं म्हणालो, पंचाच्या छातीवरच्या माईकमध्ये.

माईक बंद होता. पंच म्हणाला, "सामन्यानंतर लेखी तक्रार द्या."

"नंतर काय लेखी देऊ? हात लेखी देऊ?"

"खेळायचं नसेल तर बाहेर व्हा, तायडे."

मला वाटलं, मी नाही बसलो तर काही वेळ तरी खेळ थांबेल, चौकशी होईल, कुणीतरी पजूचा हात हातात घेऊन बघेल. मी बाहेर गेलो. अर्ध्या मिनिटात तुम्ही दुसरा कॅचर पाठवलात. त्यानं पजूचा चेंडू कधी झेललाच नव्हता. त्यानं मोजा पुढं केला, आणि पजूनं, माझ्यावरचा सगळा राग काढून, फेकला.

आवाज झाला. ओली फांदी मोडल्याचा. पजू ओरडला नाही, नुसता खाली बसला आणि हात मांडीवर घेतला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. पडद्यावर दिवा हिरवाच होता. लोकांना काय झालं ते कळेना, म्हणून ते गप्प बसले.

वनुताई दवाखान्यात आली. ती रडली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही. एवढंच विचारलं, "तू उठून गेला कायले?" मी तिला पंच सांगितला, माईक सांगितला. ती म्हणाली, "तू बसला असता तं त्यानं तेवढ्या जोरानं टाकला नसता." असेल. माझा वाटा मी घेतला आहे, तो तुमच्या पत्रकानं देण्याची गरज नाही. पजू माझ्याशी बोलत नाही. भिंतीकडं तोंड करून पडतो. डॉक्टर म्हणतात, तुकडा परत बसवावा लागेल, लवकर. उशीर झाला तर तो जागा सोडून जुळेल आणि कोपर सरळ होणार नाही. फेकणं सोडा, डोक्यावरून पाण्याचा तांब्या घेता येणार नाही.

लीगचा करार सांगतो की खेळताना झालेल्या दुखापतीचा इलाज लीग करेल. ऑपरेशन उद्या ठरलं होतं. आज सकाळी तुमच्याकडून आलेला कागद नर्सनं वनुताईच्या हातात दिला. तिनं मला दिला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचला. त्यात लिहिलंय, की खेळाडूच्या पहिल्या तपासणीतल्या हाडाच्या चित्रावरून त्याचं वय सोळा असल्याचं लीगच्या निदर्शनास आलं आहे, सबब त्यानं वय लपवून करार केला, सबब करार मुळातच रद्द, सबब इलाजाची जबाबदारी लीगची नाही.

म्हणजे हाड दिसतं तुम्हाला. दिसत होतंच.

बाद फेरीत एक दादा लागतो का नऊ हात, यावर तुम्ही टीव्हीवर पुन्हा बोलाल, लोक पुन्हा ऐकतील. बोला. मला त्यात काही विचारायचं नाही. जितकी फेकून द्यायला तयार असाल तितकी पोरं लागतात, एवढं मी पाहिलं.

मला एकच आकडा हवा आहे. त्या आकड्यावर उद्या एका पोराच्या कोपराचं ऑपरेशन होणार किंवा होणार नाही, म्हणून पत्रक काढू नका, समिती नेमू नका, बर्फी धाडू नका. फायनलच्या दिवशी तुम्ही त्याला अठराचा म्हणून उंचवट्यावर चढवलंत. दवाखान्यात तुम्ही त्याला सोळाचा म्हणून खाटेवरून उतरवताय. वनुताई माझ्याशेजारी बसली आहे, ऑपरेशनवाले डॉक्टर आत थांबले आहेत.

प्रज्वल इंगळे किती वर्षांचा आहे? सांगा.